बाईंना विचारा : 'तुम्ही नेमक्या कुणाकडून?'

मागच्या अंकात मुक्तिसंग्रामावरच्या एका प्रश्नाला उत्तर देता देता मी एक ओळ जास्तीची लिहून गेले. १७ सप्टेंबर १९४८, शुक्रवार. इकडं संध्याकाळी निजामानं हत्यार टाकलं, आणि त्याच दिवशी तिकडं जेरुसलेममध्ये संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ काउंट फोल्के बर्नाडोट यांना गोळ्या घातल्या गेल्या. एवढीच ओळ. पत्रं आली तेवीस, सगळी इस्रायल-पॅलेस्टाइनवरून. दोन पोस्टकार्डं, एक आठ पानी लिफाफा, बाकी सगळं व्हॉट्सअ‍ॅप. त्यातली सात घेतली आहेत. तिघांनी झापलंय, त्यातलं एक मुद्दाम ठेवलंय.

*

बाई, मी लातूरला नीटची तयारी करतोय. रूमवर आम्ही तिघं. एक म्हणतो सुरुवात हमासनं केली, दुसरा म्हणतो इस्रायलनं. मेसमध्ये ताटावर भांडण झालं, आता दोघं बोलत नाहीत. सुरुवात कुणी केली ते एकदाचं सांगा. आणि तुम्ही नेमक्या कुणाकडून, तेही सांगा.
— एक विद्यार्थी, लातूर

लेकरा, आधी त्या दोघांना एका ताटावर बसव. नीटच्या वर्षात रूमवरचा अबोला परवडत नाही.

आता सुरुवात. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासनं कुंपण तोडून, आत घुसून सुमारे १,२०० माणसं मारली आणि २५१ जणांना ओलीस नेलं. तुझा एक मित्र गाडीत इथं चढतो. दुसरा म्हणणार, २००७ पासून गाझाची नाकेबंदी होती, ती विसरलास? मग पहिला म्हणणार, २००५ ला इस्रायल गाझातून निघून गेला होता की, मग रॉकेटं कशाला? अशी गाडी उलटी जात राहते. १९६७ चं सहा दिवसांचं युद्ध आणि त्यात बळकावलेली वेस्ट बँक, म्हणजे जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा पॅलेस्टिनी भाग. १९४८ साली घरदार सुटलेले सुमारे सात लाख पॅलेस्टिनी. ते त्याला 'नकबा' म्हणतात, म्हणजे अरिष्ट. त्याच वर्षी नव्या इस्रायलवर चालून आलेल्या अरब देशांच्या फौजा. १९२९ ला हेब्रॉनमध्ये दंगलीत मारले गेलेले ६७ ज्यू. युरोपात हिटलरनं मारलेले साठ लाख. आणि त्याच्याही मागं, १९१७ चं ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांचं पत्र.

हे पत्र मी वर्गात फळ्यावर लिहून द्यायचे. वचन सत्तर शब्दांचंसुद्धा नाही. पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंसाठी 'राष्ट्रीय घर' उभारायला ब्रिटन मदत करील, असं त्यात आहे. तिथल्या दहातले नऊ लोक तेव्हा अरब होते, पण त्यांचं नाव नाही. त्यांचा उल्लेख काय, तर तिथले 'बिगर-ज्यू समाज'. पोरं हसायची. एक जण म्हणाला होता, "बाई, हे म्हणजे अख्ख्या गावाला 'पाटील सोडून उरलेले' म्हणल्यासारखं झालं." त्याला मी पैकीच्या पैकी दिले असते, पण तो प्रश्न पेपरात नव्हता.

तर ज्याला जिथं सोयीचं, तिथं तो चढतो आणि म्हणतो गाडी इथूनच सुटली. तुझे मित्र खोटं बोलत नाहीत. स्टेशनं खरीच आहेत.

आता माझ्या घरातलं सांगते. नोकरीत होते तोवर हे मी वर्गात कधी सांगितलं नाही. आमचं मूळ गाव तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात. ४८ च्या उन्हाळ्यात रझाकारांच्या धाकानं आजी लेकरांना घेऊन रातोरात बैलगाडीनं बार्शीला गेली. बार्शी मुंबई इलाख्यात, तिथं निजामाचा हुकूम चालत नव्हता. मागं राहिलेल्यांपैकी दोघांना रझाकारांनी वेशीत मारलं. त्यातले एक माझ्या आजोबांचे थोरले भाऊ. सप्टेंबरात फौजा आल्या, राज्य गेलं, आजी परतली. मग पुढच्या काही दिवसांत गावच्या मोमीन गल्लीत जे झालं, ते आमच्या घरात कुणी पुरं सांगितलं नाही. एवढंच कळलं, की आजीचा धाकटा दीर एका रात्री तांब्याची एक घागर घेऊन आला.

ती घागर मी लहानपणापासून बघत आले. दिवाळीला सगळी भांडी चिंच लावून घासायची, अंगणात लखलखीत ओळ लागायची. ती घागर मात्र आजी घासू द्यायची नाही. तिच्यात पाणी भरायची नाही, दाणे ठेवायची नाही, मोडीतही घालू द्यायची नाही. "ते आपलं न्हाई," एवढंच बोलायची. काळीहिरवी होऊन ती उतरंडीमागं पडलेली असायची. गळ्याशी उर्दूत नाव कोरलेलं. वडिलांचं शिक्षण निजामाच्या काळातलं, सगळं उर्दूतून झालेलं. विचारलं की म्हणायचे, पुसट झालंय. वडील गेल्यावर मी ती घागर उर्दू शाळेतल्या एका मैत्रिणीला दाखवली. पुसट काही नव्हतं. तिनं चष्मासुद्धा न लावता वाचलं. बाईचं नाव होतं. लेकीला लग्नात देतात ना, तसली घागर.

पंडित सुंदरलाल यांची समिती १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात संस्थानात फिरली. पोलीस अ‍ॅक्शनच्या वेळी आणि नंतर मेलेल्यांचा तिचा अंदाज २७ ते ४० हजार. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड ही आपली दोन. हा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. रझाकारांनी गावोगाव काय छळ मांडला होता, तेही त्याच कागदांत आहे.

मी दर १७ सप्टेंबरला झेंडावंदनाला जाते आणि 'जन गण मन' संपेपर्यंत माझे डोळे भरलेले असतात. निजामाची राजवट गेली ते बरं झालं, यात मला तिळभर शंका नाही. आधी रझाकारांनी मारलं, हेही खरं. पण जिची घागर आमच्या घरी आली, त्या बाईनं आधी काय केलं होतं, हे माझ्या चुलत आजोबांनी विचारलं नव्हतं.

कुणाकडून म्हणतोस तर लिहून घे. ७ ऑक्टोबरला घरात शिरून, नाचगाण्याच्या जलशात शिरून माणसं मारणं हा गुन्हा. नाकेबंदीनं तो धुतला जात नाही. त्यानंतर ऑक्टोबर २०२५ ला शस्त्रसंधी होईपर्यंत गाझात, तिथल्या आरोग्य खात्याच्या नोंदीप्रमाणे, ६७ हजारांवर माणसं गेली. अन्न-औषध अडवलं गेलं, दवाखाने मोडले. तोही गुन्हा, आणि ७ ऑक्टोबरनं तो धुतला जात नाही. एकाकडं विमानं, रणगाडे आणि राज्य आहे, दुसऱ्याकडं नाही, म्हणून माझा हिशेब एकाकडून जास्त मागतो. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये पंतप्रधान नेतान्याहू, त्यांचे माजी संरक्षणमंत्री गॅलंट आणि हमासचा महंमद देइफ, या तिघांवर एकाच दिवशी वॉरंट काढलं. तिघांचे समर्थक एकाच दिवशी चिडले. मला ते न्यायालय त्या दिवशी बरं वाटलं.

आणि बर्नाडोटना कुणी मारलं, हे तू विचारलंच नाहीस. 'लेही' नावाच्या ज्यू अतिरेकी गटानं. हा स्वीडिश माणूस १९४५ मध्ये नाझी छळछावण्यांतून हजारो कैदी सोडवून घेऊन आला होता, त्यात ज्यूही होते. त्याची जमिनीच्या वाटणीची योजना त्या गटाला मंजूर नव्हती, आणि घर सुटलेल्या अरबांना परत जाऊ द्या, असंही त्यानं लिहिलं होतं. त्या गटाच्या म्होरक्यांपैकी एक, यित्झाक शामीर, पुढं इस्रायलचे पंतप्रधान झाले.

*

बाई, माझी चार एकर मोसंबी आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात शेजारच्यांनी झाडं तोडून सरपण केलं, माझी बाग ठिबकवर तगली. ठिबक इस्रायलचं. त्यांनी वाळवंटात बागा फुलवल्या, अरबांना एवढी शतकं का जमलं नाही? ज्यांच्यामुळं आपण उभे आहोत त्यांना नावं ठेवणं हा कृतघ्नपणा नाही का?
— मोसंबी उत्पादक, जालना जिल्हा

भाऊ, ठिबकचं श्रेय त्यांचंच. सिम्खा ब्लास या पाण्याच्या इंजिनिअरनं ते बसवलं आणि १९६५ साली हात्झेरिम नावाच्या किबुत्झमध्ये, म्हणजे सामुदायिक शेतीच्या वस्तीत, त्याचा कारखाना निघाला. संभाजीनगरच्या हिमायतबागेत केशर आंब्याचं इंडो-इस्रायल केंद्र आहे, तेही मी पाहून आले. माझ्या भाच्याच्या शेतात लॅटरल उंदरांनी कुरतडल्या की घरात सुतक पडल्यासारखं होतं, त्यामुळं त्या नळीची किंमत मला कळते.

पण उपकार केलेल्याबद्दल खरं बोलायचं नाही, असा नियम केला तर आपली पंचाईत होईल. मनमाड-हैदराबाद रेल्वे निजामाच्या काळातली. आपण तिच्यात बसून जातो आणि निजामाला शिव्याही देतो. दोन्ही बरोबर आहे.

अरबांना जमलं नाही म्हणता, तर तुमच्याच धंद्यातली गोष्ट ऐका. जाफा संत्रं जगभर ज्या नावानं विकलं गेलं, ते जाफा हे अरबांचं बंदर. जाड सालीचं, प्रवासात न सडणारं ते शामुती वाण एकोणिसाव्या शतकात तिथल्या अरब बागायतदारांनी वाढवलं आणि युरोपला पेट्यांनी पाठवलं. १९४८ ला जाफा जवळपास रिकामं झालं. मालक बोटींनी आणि पायी गेले, बागा तिथंच राहिल्या. १९५० मध्ये इस्रायलनं 'गैरहजरांच्या मालमत्तेचा' कायदा केला. पळून गेलेला तो गैरहजर, आणि त्याचं ते सरकारजमा. इकडं इराकनंही १९५१ ला देश सोडून निघालेल्या ज्यूंची मालमत्ता गोठवली, तीही त्यांना मिळाली नाही. आमच्या घागरीसारख्या घागरी दोन्हीकडच्या घरांत असतील.

आता पाणी. हा विषय आपल्याला कुणी शिकवायला नको. वेस्ट बँकच्या डोंगराखालचं पाणी दोघांचं सामाईक. १९६७ पासून तिथल्या पॅलेस्टिनी शेतकऱ्याला नवी विहीर किंवा बोअर घ्यायचा तर इस्रायली लष्कराचा परवाना लागतो, आणि तो मिळता मिळत नाही. पलीकडच्या टेकडीवरच्या ज्यू वसाहतीला मात्र नळानं पाणी. पुरवणारी कंपनी मेकोरोट. नाव ओळखीचं वाटतंय? आपल्या मराठवाडा वॉटर ग्रिडसाठी २०१८ ला सरकारनं करार केला होता, तीच.

आपण नाशिक-नगरच्या नावानं बोंब मारतो, वरचे आमचं पाणी अडवतात म्हणून. बरोबरच मारतो. पण आपल्याकडं पाणीवाटपाचा २००५ चा कायदा आहे, मेंढेगिरी समितीचं सूत्र आहे, की १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांच्या खाली साठा असला तर वरून सोडा. नाही सोडलं तर हायकोर्ट आहे, पैठणला रास्ता रोको आहे, आणि आमदाराला पाडायचं मत आहे. आता असं समजा, की वरच्या धरणाची चावी, तुमच्या रानातल्या बोअरचा परवाना आणि तुमच्या रस्त्यावरचं नाकं हे तिन्ही एकाच माणसाच्या हातात आहे. त्याच्या खांद्याला बंदूक आहे, आणि त्याला निवडायला तुमचं मत नाही. मग ती ठिबकची नळी कितीही चांगली असली तरी तिच्यात सोडणार काय?

*

मराठवाड्यात शेतकरी गळफास घेतोय आणि तुम्हाला गाझा सुचतंय. निवृत्तीनंतर माणसाला वेळ फार असतो, हे मी स्वतः निवृत्त असल्यानं जाणतो. शिवकाल सांगा, संतसाहित्य सांगा.
— एक माजी अधिकारी, बीड

साहेब, वेळ आहे हे कबूल. पण गाझा मी नाही आणलं. तुमच्या नातवाच्या मोबाईलवर ते माझ्याआधी पोचलंय, आणि तिथं ते सांगणाऱ्यानं मॅट्रिकचा इतिहासही वाचलेला नसतो.

आणखी एक. १६ सप्टेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषदेसमोर हैदराबादचा प्रश्न निघाला होता. तेव्हा तिथल्याही कुणा माजी अधिकाऱ्यानं पेपर बाजूला टाकून म्हटलं असेल, हे हैदराबाद-बिद्राबाद आपल्याला कशाला.

*

मॅडम, मी शिक्षिका आहे. गाझातल्या एका लेकराचा फोटो मी स्टेटसला ठेवला तर शाळेच्या ग्रुपवर एका सरांनी लिहिलं, 'आधी आपल्या देशाचं बघा.' तोच फोटो दुसऱ्या मॅडमनी ठेवला होता, त्यांना कुणी काही बोललं नाही. त्यांचं आडनाव वेगळं आहे. आणि घरी मी म्हणाले, सात ऑक्टोबरला मेली तीही माणसंच होती, तर भाऊ म्हणाला, 'तू कुणाची बाजू घेतीस?' मी दोन्हीकडून गेले.
— एक वाचक, परभणी

पोरी, तुझं पत्र दोनदा वाचलं.

सरांना उत्तर द्यायचं तर आपल्या देशाचंच द्यावं. गांधीजींनी नोव्हेंबर १९३८ मध्ये 'हरिजन'मध्ये लिहिलं, की इंग्लंड जसं इंग्रजांचं, फ्रान्स जसं फ्रेंचांचं, तसं पॅलेस्टाइन अरबांचं. त्याच लेखात ज्यूंबद्दलची कळकळही होती. युरोपात त्यांना अस्पृश्यांसारखं वागवलं जातं, असं त्यांनी म्हटलं. त्यांनी ज्यूंना हिटलरसमोर सत्याग्रह करा म्हणून सांगितलं, ते मला कधीच पटलं नाही. मार्टिन बूबर या ज्यू तत्त्वज्ञांनाही पटलं नाही, त्यांनी कळवळून लांबलचक पत्र लिहिलं. २९ नोव्हेंबर १९४७ ला पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव संयुक्त राष्ट्रांत ३३ विरुद्ध १३ नं पास झाला. त्या तेरांत भारत होता. फाळणी म्हणजे काय, हे त्या वर्षी आपल्याइतकं कुणाला ठाऊक होतं? १९८८ ला आपण पॅलेस्टाइनला मान्यता दिली, १९९२ ला इस्रायलशी पूर्ण संबंध जोडले, आणि आजही दोन राष्ट्रं हेच आपलं अधिकृत म्हणणं आहे. म्हणजे तुझं स्टेटस परराष्ट्र खात्याच्या बाहेरचं नाही. पण हे सगळं तुला पाठ करावं लागतंय आणि त्या दुसऱ्या मॅडमना लागत नाही, ही गोष्ट सरांची, तुझी नाही. मेलेल्या लेकरासाठी वाईट वाटायला कुणाचा दाखला लागत नाही.

भावाचं जास्त अवघड आहे, कारण तो घरचा. त्याला विवियन सिल्व्हरचं सांग. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, बेएरी किबुत्झमध्ये राहायची, गाझाच्या कुंपणालगत. बायकांची शांततेची चळवळ उभी करणाऱ्यांतली एक. गाझातल्या आजारी माणसांना गाडीतून इस्रायलच्या दवाखान्यात पोचवायची. सात ऑक्टोबरला ती घरातच मारली गेली. कित्येक दिवस तिला ओलीस नेलंय असंच वाटत होतं, मग अवशेषांवरून ओळख पटली.

आणि सरांना हिंद रजबचं सांग. पाच-सहा वर्षांची पोर. जानेवारी २०२४, गाझा शहर. गाडीत मेलेल्या नातेवाइकांमध्ये अडकलेली, रेड क्रिसेंटच्या बायकांशी फोनवर बोलत राहिली, मला न्यायला या म्हणत. तिला आणायला निघालेली अ‍ॅम्ब्युलन्स पोचली नाही, तिच्यातले दोघंही मेले. पोरीचा देह बारा दिवसांनी सापडला.

उलटं करू नकोस. भावाला हिंद पाठ आहे, सरांना विवियन.

*

आपल्याकडं ज्यू होते का हो? मराठी बोलणारे ज्यू असतात असं ऐकलं, खरं का?
— बँक कर्मचारी, अंबाजोगाई

खरं. पण मराठवाड्यातले नव्हेत, कोकणातले. बेने इस्रायल. अलिबागकडं तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणायचे. आडनावं पेणकर, किहीमकर, राजपूरकर. बरेच जण इस्रायलला गेले. तिथून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघतं. तिथं गेल्यावर तिथल्या धर्मपीठानं त्यांना विचारलं, तुम्ही अस्सल ज्यू कशावरून? लग्नं अडली, धरणं धरलं, अखेर १९६४ ला तिथल्या संसदेनं हे पूर्ण ज्यू आहेत असं जाहीर केलं. दोन हजार वर्षं शनिवार पाळून शेवटी ठराव लागला.

आपला संबंध हवाच असेल तर निजामाचे घोडेस्वार आहेत. पहिल्या महायुद्धात जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबादचे लान्सर पॅलेस्टाइनच्या मोहिमेत होते. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातल्या तीन पुतळ्यांतला एक आपल्या संस्थानाचा. आणि गंमत म्हणून सांगते : भारतानं इस्रायलला मान्यता दिली तीही १७ सप्टेंबरलाच, १९५० साली. इजिप्त-इस्रायलचा कॅम्प डेव्हिड करारही १७ सप्टेंबर १९७८ चा. आमच्या शाळेला त्या दिवशी सुट्टी असायची, म्हणून यातलं काहीच शिकवायचं राहून गेलं.

*

बाई, 'दोघांचंही चुकलं' असं म्हणून सुटू नका. पुढं काय? एक राष्ट्र की दोन? वकिलाला लागतं तसं थेट उत्तर द्या.
— एक वकील, नांदेड

वकीलसाहेब, आधी आकडे. जॉर्डन नदी ते समुद्र एवढ्या पट्ट्यात साधारण सत्तर लाख ज्यू आणि साधारण सत्तर लाख पॅलेस्टिनी अरब राहतात. यातलं कुणी कुठं जाणार नाही. 'त्यांना अरब देशांनी घ्यावं' आणि 'त्यांनी युरोपात परत जावं', ही दोन्ही उत्तरं मी लाल शाईनं खोडते. इस्रायलमधल्या निम्म्या ज्यू घरांचा युरोपशी संबंधच नाही. आजीआजोबा बगदाद, येमेन, मोरोक्कोतून हाकलले गेलेले किंवा निघून आलेले.

थेट उत्तर : दोन राष्ट्रं. आवडतं म्हणून नाही. एकाच राष्ट्रात सगळ्यांना एक माणूस एक मत मिळणार असेल तर मी आजही त्याच्या बाजूनं हात वर करीन, पण ते तिथल्या दोघांपैकी बहुतेकांना नको आहे, आणि न मागितलेलं लग्न लावून देणारी मी कोण.

पण दोन राष्ट्रं म्हणताना दुसऱ्याला जमीन किती उरली ते नकाशावर बघा. वेस्ट बँक आणि पूर्व जेरुसलेममध्ये आता सुमारे सात लाख इस्रायली वसाहतवाले आहेत. १९९३ च्या इस्रायल-पॅलेस्टिनी ओस्लो शांतता करारानंतर वेस्ट बँकचे अ, ब, क असे तुकडे पडले. 'क' म्हणजे साठ टक्के जमीन, तिथं पूर्ण ताबा इस्रायलचा. पाच वर्षांची तात्पुरती सोय होती ती. तात्पुरत्या पत्र्याच्या वर्गात माझी एकवीस वर्षं गेली, त्यामुळं या शब्दाचा मला अनुभव आहे. जुलै २०२४ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं हा ताबाच बेकायदा असल्याचं मत दिलं. मत सल्ल्यापुरतं, बंधनकारक नाही. तुम्ही हसाल, पण नोंद झाली.

ओस्लो मोडला कुणी? दोघांच्या घरच्यांनी. फेब्रुवारी १९९४ ला हेब्रॉनच्या मशिदीत नमाज पढणाऱ्या २९ जणांना एका ज्यू डॉक्टरनं गोळ्या घातल्या. हमासनं बसमध्ये बॉम्ब फोडले. ४ नोव्हेंबर १९९५ ला शांतता सभेतून बाहेर पडताना पंतप्रधान राबिन यांना मारलं, ते एका ज्यू तरुणानं. बर्नाडोटपासून हे असंच चालू आहे. मध्ये उभा राहणारा आधी जातो.

तुमच्या आवडीचा मुद्दा म्हणजे भाषा. १९६७ च्या युद्धानंतर सुरक्षा परिषदेनं २४२ क्रमांकाचा ठराव केला : युद्धात घेतलेल्या प्रदेशांतून इस्रायलनं माघार घ्यावी. इंग्रजी मसुद्यात 'प्रदेश' या शब्दाआधी 'द' नाही, फ्रेंचमध्ये तो आहे. 'द' असला तर सगळे प्रदेश, नसला तर काही. पन्नासहून जास्त वर्षं यावर वकिली चालू आहे. मराठीत 'द' नाहीच, त्यामुळं आपल्याला हे भांडण अनुवादातसुद्धा दिसत नाही.

शब्दावर माणसं मरतात हे आपण मात्र पाहिलंय. १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला तेव्हा मी कॉलेजात होते. गावोगाव दलित वस्त्या पेटल्या. तुमच्या जिल्ह्यात काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ ला, 'नामांतर' नाही तर 'नामविस्तार' झाला. बाबासाहेबांचं नाव आलं, मराठवाडाही राहिलं. त्या दिवशी माझी एक मैत्रीण पेढे घेऊन आली आणि म्हणाली, "अर्धंच दिलं, पण दिलं." दुसऱ्या आळीतले म्हणाले, अर्धंच गेलं. पेढे दोन्हीकडं गेले नाहीत. पण आज त्याच विद्यापीठात दोघांची नातवंडं फॉर्म भरायला एका रांगेत उभी असतात. प्रेम-बिम काही वाढलं नाही. मी हे गाझाला लागू पडतं म्हणत नाही. आपल्या डोक्यावर एक सरकार होतं, एक संविधान होतं, आणि आकाशातून बॉम्ब पडत नव्हते. मी एवढंच म्हणते, की ज्या दिवशी तिथं 'अर्धंच दिलं, पण दिलं' म्हणणारी बाई जिवंत राहील, त्या दिवशी मला बरं वाटेल. आणि आधी द्यायचं त्यानं, ज्याच्या मुठीत आहे. वसाहती थांबवणं इस्रायलच्या हातात आहे, दुसऱ्या कुणाच्याच नाही.

सप्टेंबर २०२५ ला ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, फ्रान्स यांनी पॅलेस्टाइनला मान्यता दिली. १९३ पैकी दीडशेच्या वर देश झाले. भाचा म्हणाला, कागदानं काय होतंय? ब्रिटनच्या कागदानं काय होतं, हे त्या भागात विचारून बघ म्हणाले मी.

*

बाई, आमच्या सरांनी गाझाचा नकाशा काढून आणायला सांगितला, पण अ‍ॅटलासमध्ये तो ठिपक्याएवढा आहे. गाझा केवढं आहे? आणि तिथल्या शाळा सुरू आहेत का?
— इयत्ता सातवी, रेणापूर

ठिपक्याएवढंच आहे. लांबी ४१ किलोमीटर, रुंदी कुठं सहा, कुठं बारा, क्षेत्रफळ ३६५ चौरस किलोमीटर. लातूरहून औशाला जातोस ना, ते साधारण वीस किलोमीटर. तेवढं दोनदा गेलास की गाझा संपलं. युद्धाआधी तिथं बावीस लाखांच्या आसपास माणसं होती, त्यातली निम्मी लेकरं.

शाळांचं सांगते. ऑक्टोबर २०२३ पासून सहा लाखांवर मुलांची शाळा सुटली. बऱ्याच इमारती पडल्या, ज्या उभ्या राहिल्या त्यांत घर नसलेली माणसं राहायला आली. एकेका वर्गात चार-चार कुटुंबं, मध्ये चादरींचे पडदे. काही ठिकाणी तंबूत शिकवतात, फळा असला तर असतो.

नकाशा असा काढ. वहीचं पान उभं धर. एक सेंटिमीटरला दोन किलोमीटर हे प्रमाण घे, म्हणजे साडेवीस सेंटिमीटर लांबी येईल, पानावर बसेल. डाव्या बाजूला समुद्र, खाली इजिप्त, बाकी दोन्हीकडं इस्रायल. समुद्राला निळा रंग लाव. रफाह खाली येतं, गाझा शहर वर. काढून झाला की फोटो पाठव, पेन्सिलनं काढलास तरी चालेल.